इंग्रजीला सोयर नाही

आमच्या घरी वेदपठणाला सोयर लागत असे, देवपूजेला लागत असे, जानव्याच्या गाठीपर्यंत सगळ्याला लागत असे. इंग्रजीला मात्र लागत नसे. धर्मशास्त्रात राहून गेलेल्या या एका फटीतून मी शालान्त परीक्षेच्या पलीकडे निसटलो आणि पुढे उभे आयुष्य संस्कृत शिकवून सन्मानाने जगलो. ज्यांना सोयर म्हणजे काय हे ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो: घरात मूल जन्मले की दहा दिवस त्या कुळातले सर्वजण अशुद्ध मानायचे. मृत्यूनंतर पाळतात ते सुतक, जन्मानंतर पाळतात ते सोयर. या दहा दिवसांत देवाला शिवायचे नाही, मंत्र म्हणायचे नाहीत, आणि शेजाऱ्यांनी त्या घरचे पाणीसुद्धा प्यायचे नाही. अवसरीला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या माझ्या नातीला मी हे सविस्तर समजावले, तेव्हा ती मोबाइलवरून मान वर न करता म्हणाली, "म्हणजे क्वारंटाइन." ज्या विषयावर मी तासतासभर प्रवचने दिली तो तिने दोन शब्दांत आटोपला, आणि त्या दोन शब्दांत क्रियापदही नव्हते.

आमचे घर जुन्नरात, कुकडीच्या अंगाला. पुढे मातीची ओसरी, मध्ये माजघर, मागे स्वयंपाकघर, आणि माजघराला लागून एक अंधारी खोली, जिला बाळंतिणीची खोली म्हणत, जरी एरवी तिच्यात कांदे आणि सरपणच असे. वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. ते याज्ञिक होते. पंचक्रोशीतली लग्ने, मुंजी, वास्तुशांती त्यांच्या आवाजावर पार पडत. पहाटे त्यांची पूजेची घंटा, मागून आईच्या रवीची घुसळण, आणि ओसरीवर माझे रूपे घोकणे, असे तीन आवाज एकमेकांत मिसळले की आळीला उजाडल्याचे कळत असे. मग मऊ भात, त्यावर तूप आणि मेतकूट, आणि अण्णांचा प्रश्न: "काल कोणता समास झाला?" बरोबर उत्तराला तुपाची आणखी एक धार मिळे. माझी संस्कृतातली गोडी शुद्ध ज्ञानापोटी होती की तुपापोटी, हे मी अजून तपासतो आहे. इंग्रजी अण्णांना मुळीच येत नव्हती. त्यामुळे तिच्याविषयी त्यांची मते अतिशय निश्चित होती. ज्या भाषेत लिहायचे एक आणि वाचायचे दुसरे, ती भाषा साक्षीला उभी करण्याच्या लायकीची नाही, असे ते म्हणत.

आणि मी त्या भाषेत गेलो. 'गेलो' हे क्रियापद आमच्याकडे असे निर्वाणीच्या स्वरात दोनच प्रसंगी वापरत: माणूस वारला म्हणजे, आणि विद्यार्थी नापास झाला म्हणजे. उत्तीर्ण व्हायला पस्तीस गुण लागत, मला एकोणीस मिळाले. पुण्याच्या महाविद्यालयात संस्कृत घेऊन शिकावे हे माझे एकमेव स्वप्न होते. परंतु संस्कृतात पाऊल टाकण्यासाठी आधी इंग्रजीच्या दारातून वाकून जावे लागते, हा विनोद ज्या कोणी राज्यकर्त्याने केला त्याला माझा साष्टांग नमस्कार. अण्णांनी निकालपत्र उजेडात धरून पाहिले आणि निर्णय दिला. ऑक्टोबरची परीक्षा ही शेवटची. तीत गेलो तर नाणेघाटाजवळ घाटघरला मामांकडे राहायचे आणि त्यांच्यामागून डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर भिक्षुकी करायची. घाटघर मी पाहिले होते. तिथे पावसाळ्यात ढग घरात शिरतो, धोतर चार महिने वाळत नाही, आणि मामा उकडलेले कंद खात माणसाच्या नश्वरतेविषयी बोलत. मामांविषयी मला आदर होता. पण तो मी जुन्नरातूनच बाळगू इच्छीत होतो.

माझी चूक एकच होती, पण ती अठरा ठिकाणी होती. आपण म्हणतो, 'जो माणूस काल आला, तो माझा मामा आहे.' जो आला की मागोमाग तो आलाच पाहिजे. संस्कृतात हेच काम यत् आणि तत् करतात. अण्णांनी मला आठव्या वर्षीच बजावले होते की यत् आणि तत् यांचे लग्न लागलेले असते. यत् दिसला की तत् शोधायचा, आणि न सापडल्यास ते वाक्य अशुभ समजायचे. मी हाच संस्कार निष्ठेने इंग्रजीवर केला. 'व्हिच मॅन केम यस्टरडे, दॅट मॅन इज माय अंकल.' 'व्हेअर स्मोक इज, देअर फायर इज.' 'व्हेन रेन केम, दॅट टाइम वी वेंट होम.' प्रश्नपत्रिकेत 'दोन वाक्यांचे एक करा' असा एक मोठा प्रश्न असे, आणि त्यात मी अशी कित्येक जोडपी मांडवात उभी केली होती. परीक्षकाने एकाही जोडप्याला आशीर्वाद दिला नाही. शाळेतल्या इंग्रजीच्या सरांना मी कारण विचारले, तेव्हा त्यांनी फळ्यावर 'वाक्यांचे प्रकार चार' एवढे लिहिले आणि ते तंबाखू मळायला बाहेर गेले. ते प्रकार कोणते, हे त्या वर्गात कोणालाच शेवटपर्यंत कळले नाही.

त्याच वर्षी नवरात्राच्या तोंडावर माझी मालतीवहिनी दुसऱ्यांदा बाळंत व्हायची होती. पहिल्या खेपेला तिला थाटाने माहेरी नेले होते. दुसऱ्याचे कौतुक कमी, म्हणून ती सासरीच राहिली. दादा नोकरीसाठी पुण्याला. कांदे आणि सरपण मागच्या पडवीत गेले, खोली सारवली, बाज आली. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी दुपारी तिच्या पोटात दुखू लागले. नेहमीची म्हातारी सुईण आली, तिने पोट चाचपले आणि बाहेर येऊन म्हणाली, "पायाकडून हाय. माझं काम न्हाई. दवाखान्यातल्या नर्सबाईला बोलवा."

नर्सबाई म्हणजे चंद्रभागाबाई. वय तिशीचे, अंगाने सडपातळ, चालणे असे की मागून येणाऱ्याला धावावे लागे. घोड नदीकाठच्या एका गावातल्या बौद्ध घरातल्या त्या. वडिलांनी पोर शिकवायचीच म्हणून त्यांना पुण्याला नर्सिंगला धाडले होते. तिथल्या मेट्रनबाई इंग्रजीखेरीज बोलत नसत आणि चुकीच्या वाक्याला शिक्षा म्हणून बेडपॅन घासायला लावत. "म्या इंग्रजी बेडपॅनवर शिकले," असे नर्सबाई सांगत. माझी इंग्रजीची गुरुपरंपरा त्या बेडपॅनपर्यंत जाते, हे मी पुढे अनेक व्यासपीठांवरून सांगितले आहे. हशा येतो, टाळ्या येत नाहीत.

एरवी नर्सबाई आमच्याकडे कामाला आल्या असत्या तर अंगणात उभ्या राहिल्या असत्या आणि बोलणे तिथेच झाले असते. हे कोणी कोणाला सांगावे लागत नसे, आणि म्हणूनच ते आज सांगायला लाज वाटते. पण त्या दुपारी अण्णा ओसरीवर येरझारा घालत होते. ते थांबले, 'आपत्काली मर्यादा नसते' असे भिंतीला सांगितले आणि दारातून बाजूला झाले. नर्सबाईंना त्या वचनाची वाट पाहायला वेळ नव्हता. त्या आधीच आत गेल्या होत्या. दिवेलागणीच्या आत मुलगा झाला. तो आधी पायांनी या जगात आला, आणि आज मंचरला विमा एजंट आहे. त्याची वाक्ये लांबलचक असतात आणि मुख्य वाक्य शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत असते.

झाले, घराला सोयर लागले. ऐन नवरात्रात अण्णांचा घट बसला नाही. गावातल्या दोन देवळांतले पाठ दुसऱ्याकडे गेले. आमच्या देवांना आंघोळ घालायला आळीतले एक गृहस्थ येत आणि त्यांचे आचमन चुकले की अण्णा ओसरीवर बसल्या बसल्या तळमळत. घंटा बंद, मंत्र बंद. मी सवयीने सकाळी रूपे म्हणू लागलो, तर अण्णांनी हात वर केला. "सोयरात संस्कृत नको."

"मग काय करू?"

अण्णांनी विचार केला. ते धर्मनिर्णय देताना छताकडे पाहत, तसे पाहिले. "इंग्रजी वाच. तिला काही लागत नाही."

ज्या घरात चौथ्या पिढीतल्या मृत्यूचाही दिवस मोजत, त्या घरात या भाषेला शुद्धही मानले नव्हते आणि अशुद्धही. आणि दुसरी गोष्ट आपोआप घडली: दहा दिवस आम्हीच शिवू नये असे झालो होतो, त्यामुळे आम्हांला कोणी शिवायचे नाही हा प्रश्नच उरला नाही. नर्सबाई रोज संध्याकाळी पाच वाजता बाळाची नाळ पाहायला येत आणि थेट आत जात. आईने दोन दिवस ते पाहिले न पाहिल्यासारखे केले, आणि तिसऱ्या दिवशी त्यांच्या हातात उकळत्या पाण्याचे भांडे स्वतः दिले.

त्या तिसऱ्या दिवशी मी ओसरीवर बसून मोठ्याने घोकत होतो. आतून बाळाच्या रडण्याच्या वर एक आवाज आला, "कोन म्हनतंय ते? त्या वाक्याला ताप आलाय."

"आमचा वासू," आई म्हणाली. "ऑक्टोबरला बसतोय."

"असा बसला तर उठायचा न्हाई." नर्सबाई हात पुसत दाराशी आल्या. "परत म्हना बरं, पंडित."

"व्हिच मॅन केम यस्टरडे, दॅट मॅन इज माय अंकल."

"किती मामा आले व्हते?"

"एकच."

"मंग दोनदा मॅन कशाला? वाक्यात गर्दी झालीया."

आतून वहिनीच्या हसण्याचा आणि लगेच कण्हण्याचा आवाज आला. "नर्सबाई, हसवू नका हो. पोट दुखतं."

अशी सुरुवात झाली. बाळाचे काम उरकले की नर्सबाई माजघराच्या उंबऱ्याला टेकून बसत, मी ओसरीवर, आणि मध्ये बाळंतिणीच्या शेगडीतून ओवा आणि बाळंतशेपांचा धूर येत राही. आजही कुठे ओव्याचा धूर आला की मला गौण वाक्य आठवते. आत वहिनीसाठी अळिवाची खीर शिजत असे. आई तिच्यात जायफळ किसत असे आणि ऐकत नसल्याचे दाखवत असे. जे चार प्रकार शाळेच्या फळ्यावर पोचले नाहीत, ते मला त्या धुरात मिळाले.

"ह्ये बघ," त्या म्हणाल्या. पंडित हा किताब कायम राहिला तरी आदरार्थी बहुवचन पहिल्याच दिवशी गळून पडले होते. "एक बाई, एक जीव, त्ये सिम्पल. 'द बेबी क्राइज.' क्रियापद एकच. एकटीचा संसार, कुनाचं देनं न्हाई, घेनं न्हाई. कळलं?"

"कळले. केवल वाक्य."

"तुमच्यात कायबी म्हनत असतील. आता दोन जावा एका घरात. दोगी सारख्याच मानाच्या, कुनी कुनाच्या हाताखाली न्हाई. 'द बेबी क्राइज अँड द मदर वेक्स.' वेगळ्या निघाल्या तरी दोगी नीट जगत्यात. त्ये कंपाउंड. अँड म्हंजे गोडीनं नांदनाऱ्या, बट म्हंजे भांडनाऱ्या, आन ऑर म्हंजे एकीनं म्हायेरी जायचं."

"आणि तिसरे?"

नर्सबाईंनी आत वहिनीकडे पाहिले. "तिसरं वाक्य पोटुशी."

मी सोळा वर्षांचा होतो आणि अनेक विषयांत सोवळा होतो. मी वहीकडे पाहू लागलो.

"लाजू नको, परीक्षेत हेच येतं. एक मोठं वाक्य, त्याच्या पोटात एक ल्हान वाक्य. मोठं एकटं जगतं, ल्हान जगत न्हाई. 'व्हेन द बेबी क्राइज.' एवढंच म्हन आन गप बस. जगतंय का?"

मी म्हटले आणि गप्प बसलो. ते वाक्य ओसरीवर तसेच केविलवाणे पडून राहिले. "नाही जगत."

"अपुऱ्या दिवसांचं हाय त्ये. त्याला आईच्या पोटात ठेव: 'व्हेन द बेबी क्राइज, द मदर वेक्स.' हां. ह्ये कॉम्प्लेक्स."

"चौथे?" वहिनीने आतून विचारले. तिलाच आता राहवत नव्हते.

"चौथं म्हंजे दोगी जावांतली एक गरोदर. घरात कामं लई, बोलनं लई, पन वाक्य एकच."

साऱ्या जगाचे वाक्यविचार मी पुढे वाचले. त्यांपैकी एकानेही मला एवढ्या थोडक्यात आणि एवढ्या खात्रीने काही शिकवले नाही. दररोज त्या मला वीस वाक्ये देत आणि प्रत्येकाचे पोट तपासायला लावत. कुठे किती महिने, कोणाच्या पोटात कोण, हे मी पेन्सिलीने लिहीत असे. दादा एका रविवारी येऊन वही पाहून गेला आणि बराच वेळ आईशी हलक्या आवाजात बोलत होता.

अण्णा या सगळ्या वेळात ओसरीच्या दुसऱ्या टोकाला पाटावर बसलेले असत. दुसरे काही करण्याची त्यांना मुभा नव्हती. चार दिवस त्यांनी डोळे मिटून काढले. पाचव्या दिवशी नर्सबाई माझ्या त्या मामाच्या वाक्याकडे वळल्या. "ह्यातलं 'दॅट मॅन' काढून टाक. 'द मॅन हू केम यस्टरडे इज माय अंकल.' झालं."

अण्णांचे डोळे उघडले. परस्त्रीशी ते थेट बोलत नसत, म्हणून ते मला म्हणाले, "त्यांना सांग, यत् आले की तत् यावेच लागते. हे वाक्य अपूर्ण आहे."

नर्सबाई तीन हातांवर बसल्या होत्या. त्यांनीही मलाच सांगितले. "तुझ्या अण्णांना इचार, 'काल आलेला पावना' असं ते म्हनत्यात का न्हाई?"

"म्हणतात," मी म्हणालो.

"त्यात 'तो' कुठं हाय?"

  रात्रीच्या जेवणात अण्णांनी आमटी दोनदा घेतली आणि दोन्ही वेळा मीठ कमी आहे हे सांगायला विसरले. दुसऱ्या दिवशी पाच वाजले तेव्हा त्यांचा पाट ओसरीच्या टोकाहून बराच अलीकडे आलेला मी पाहिला. नर्सबाई बसतात न बसतात तोच ते म्हणाले, "त्यांना सांग, 'आलेला' हे कृदंत आहे, विशेषण आहे. तिथे दुसरे वाक्यच नाही, मग तत् कुठून येणार? इंग्रजीत 'हू केम' हे तर धडधडीत वाक्य आहे."

"हाय ना. पन पोटातलं हाय." नर्सबाई बाळाचे लंगोट घडी घालत होत्या. "अण्णांना इचार, पोटातल्या लेकराचं बारसं करत्यात का?"

मी अण्णांकडे पाहिले. ज्या माणसाने शेकडो बारशी केली होती त्याच्या चेहऱ्यावर आधी संताप, मग विचार, आणि मग एखादे हरवलेले पळीपात्र सापडावे तसा आनंद क्रमाने आला. "नाही करीत," ते सावकाश म्हणाले. "नामकरण बाराव्या दिवशी. गर्भस्थाला वेगळे नाव नाही. म्हणजे तत् हे नाव जन्मलेल्या वाक्यालाच." मग त्यांनी मला आज्ञा केली, "लिहून घे." त्या एका निर्णयाने माझ्या अठरा चुका गेल्या. त्यानंतर अण्णा रोज एक शंका काढत, ती माझ्यामार्फत तीन हात प्रवास करी, आणि उत्तर त्याच मार्गाने परत येई. दोघांचेही आवाज एकमेकांना स्पष्ट ऐकू येत असताना मी मध्ये टपालखाते चालवत होतो.

दहा दिवस संपले. अकराव्या दिवशी पहाटे घर शेणाने सारवले, गोमूत्र शिंपडले, आम्ही जानवी बदलली, अण्णांची घंटा पुन्हा वाजली आणि तिच्या आवाजात मला प्रथमच काहीतरी चुकल्यासारखे वाटले. परीक्षेला आठ दिवस होते. माझे अर्धे काम व्हायचे होते: साध्याचे मिश्र करा, मिश्राचे संयुक्त करा, हा सगळा भाग राहिला होता, आणि वाक्य उलटे फिरवले की मी अजूनही कोणाच्या पोटात कोण हे विसरत असे. आता मी गेलो असतो तर घाटघर निश्चित होते. पाच वाजता नर्सबाई आल्या. त्यांनी चपला काढून पायरीवर पाय ठेवला, आणि आई दारात आली.

"थांबा," आई म्हणाली. तिचा आवाज कठोर नव्हता. "आज घर शुद्ध झालं."

"बरं झालं," नर्सबाई म्हणाल्या. पाय त्यांनी मागे घेतला नाही. "मंग?"

आईने अण्णांकडे पाहिले. अण्णा पाटावरून उठले. मी मध्ये उभा होतो, पण त्यांनी मला 'त्यांना सांग' म्हटले नाही. ते थेट बोलू लागले आणि त्यामुळेच बहुधा फार बोलले. "आपले उपकार जरी मोठे आहेत, आणि मुलाची परीक्षा जरी जवळ आली आहे, तथापि ज्या अर्थी सोयर फिटले आहे, आणि जे दहा दिवस चालले ते ज्या कारणाने चालले ते कारण आता उरले नसल्यामुळे..."

नर्सबाई बोटांवर मोजत होत्या. "पाच झाली," त्या मला म्हणाल्या. "पंडित, मेन क्लॉज कुठाय?"

"अजून आले नाही," मी म्हणालो. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देण्याची मला सवय होती.

अण्णा थांबले. त्यांना 'नाही' म्हणायचे नव्हते, हे मला तेव्हाच दिसले होते; त्यांची स्वतःची एक शंका कालपासून राहिली होती. त्यांनी छताकडे पाहिले, आणि वाट सापडल्यासारखे म्हणाले, "घरात कोणी आजारी असेल, तर उपचार करणाऱ्याला मज्जाव नाही."

"माझं डोकं दुखतंय," आई तत्काळ म्हणाली. माझ्या जन्मापासून तिचे काही दुखल्याचे तिने कधी कबूल केले नव्हते. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि तिने कपाळाला पदर लावला. नाटक इतके वाईट होते की माजघरातून वहिनी खोकली.

मला वाटले, सुटलो. पण नर्सबाई पायरीवरच होत्या. "काकू, तुमचं डोकं दुखत न्हाई," त्या म्हणाल्या. "खरंच दुखलं तर म्या कवाबी येईन, आत का भायेर त्ये इचारनार न्हाई. पन ह्या पोराला शिकवायला येतीया, ती कुनाच्या खोट्या दुखन्यावर येनार न्हाई. सोयरात तुमी अशुद्ध व्हतात तवा म्या चालले. आज तुमी आंघोळी केल्या, आन बाटले कोन, तर म्या." त्यांचा आवाज चढला नाही. "मला एक साधं वाक्य सांगा. सिम्पल. त्यात जरी नको, तथापि नको, ज्या अर्थी नको. न्हाई म्हनायचं तरी साध्या वाक्यात म्हना. म्या चपला घालते आन जाते. पोराला दवाखान्यात मात्र पाठवू नका, तिथं पेशंटची गर्दी असती."

अण्णांच्या जिभेवर चारही वेदांची संथा होती आणि त्यातले एकही वाक्य त्यांना उचलता आले नाही. मी एक नोंद इथे करून ठेवतो, कारण आत्मकथनात माणूस स्वतःला सोईस्करपणे विसरतो: बोलायला मलाही येत होते. शब्द ठाऊक होते, क्रियापद ठाऊक होते, आणि गरज तर सर्वांत अधिक माझीच होती. मी वही छातीशी धरून उभा राहिलो आणि कोणीतरी मोठे माणूस बोलेल याची वाट पाहिली. आत बाळ रडू लागले. वहिनी त्याला थोपटू लागली. नर्सबाईंनी चपलेकडे पाय नेला.

"आत या," आई म्हणाली.

ती अजून भिंतीला टेकूनच बसली होती. पदर कपाळावरून खाली आला होता. आज्ञार्थात कर्ता बोलून दाखवावा लागत नाही, तो गृहीत असतो. आईने त्या दोन शब्दांत नर्सबाईंना कर्ता केले, आणि अण्णांना न विचारता केले. अण्णांनी एकदा तिच्याकडे पाहिले. मग त्यांनी खाली वाकून आपला पाट उचलला आणि वाट मोकळी करून भिंतीशी ठेवला. नर्सबाई आल्या, आपल्या नेहमीच्या जागी उंबऱ्याला टेकल्या आणि मला म्हणाल्या, "पान काढ. लई वेळ गेला."

परीक्षेचे सांगून टाकतो: मी अडतीस गुणांनी सुटलो, पुण्याला गेलो, आणि मामा माझ्याविनाही घाटघरात नश्वरतेविषयी बोलत राहिले. पण त्या आठ दिवसांतले दुसरेच काही मला अधिक नीट आठवते. पहिल्या संध्याकाळी नर्सबाई गेल्यावर आईने शेणाची बादली आणली आणि उंबऱ्यापासून पायरीपर्यंतची जागा सारवली. अण्णांनी तिला सांगितले नव्हते. मी विचारले नाही. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा 'आत या' म्हणाली, आणि नंतर पुन्हा सारवले. तिसऱ्या दिवशी जमीन वाळायला वेळ लागला होता. नर्सबाईंनी ती ओल पाहिली, त्या कोरड्या कडेने पावले टाकत आत आल्या आणि मला संयुक्त वाक्ये घातली. आई स्वयंपाकघराच्या दारातून त्यांच्या पायांकडे बघत होती. चौथ्या दिवशी त्या गेल्यावर आई बादली घेऊन ओसरीवर आली, थोडा वेळ उभी राहिली, आणि ते शेण मागच्या अंगणात नेऊन तिने त्याच्या गोवऱ्या थापल्या.